ऑक्टोबरात कळसूबाईला जाताय? या चुका टाळा

पाऊस सरला, डोंगर हिरवे आहेत, हवा स्वच्छ झाली, म्हणजे आता कळसूबाई सोपी, असं बहुतेकांना वाटतं. १६४६ मीटर उंचीचं हे राज्यातलं सर्वोच्च शिखर पायथ्याच्या बारी गावातून एका दिवसात होतं, हेही खरं. पण ऑक्टोबरात एकाच दिवशी उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गाठतात. सकाळी अकरालाच ऊन भाजून काढतं आणि दुपारी तीनला परतीचा पाऊस विजांसकट येतो. या महिन्यातल्या बहुतेक चुका शेवटी घड्याळापाशीच येऊन थांबतात.

उशिरा निघणं

सर्वांत मोठी चूक हीच. घरून आरामात निघायचं, वाटेत मिसळ खायची आणि साडेदहाला बारीतून चढायला लागायचं. चढ तीन-साडेतीन तासांचा आणि जवळपास सगळा उघड्यावरचा, म्हणजे ऐन उन्हात दम काढायचा आणि ढग भरून यायच्या वेळेलाच माथ्यावर पोचायचं. सहाच्या सुमारास पहिलं पाऊल टाका. बारा वाजता तुम्ही जिथे असाल तिथून परत फिरायचं, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून ठरवा. वर गेल्यावर हा निर्णय कुणालाच घेववत नाही, ‘आता एवढंच तर राहिलंय’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच.

याच्या उलटी चूकही पाहायला मिळते. रात्रीच्या लोकलने कसारा, तिथून जीपने बारी, आणि डोळ्याला डोळा न लागता मध्यरात्रीनंतर चढाई. सूर्योदय मिळतो, पण उतरताना झोपेने पाय अडखळतात. शिड्यांवर असं अडखळणं परवडत नाही. बारीत घरगुती मुक्कामाची सोय होते. दोन-चार तास तरी पाठ टेका.

विजेला हलक्यात घेणं

या वाटेवरचे अवघड कडे लोखंडी शिड्यांनी चढायचे असतात, कठडेही लोखंडाचेच आणि माथा आजूबाजूच्या सगळ्या डोंगरांहून उंच. वीज पडायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. म्हणून गडगडाटाची वाट पाहत बसू नका. कुलंग, मदन, अलंग या शेजारच्या किल्ल्यांच्या बाजूला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे वाढायला लागले आणि त्यांचे तळ काळे पडले, की फोटो आवरून उतरायला लागा.

वरच अडकलात तर? शिडी आणि कठड्यापासून लांब व्हा. माथ्याच्या अगदी टोकावर थांबू नका, थोडं खालच्या अंगाला या. एकमेकांत अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका, एकट्या झाडाचा आडोसा घेऊ नका. माथ्यावरचं कळसूबाई देवीचं देऊळ लहानसं आहे, तिथे घोळक्याने दाटीवाटीने उभं राहिल्याने कुणीही सुरक्षित होत नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या आणि मगच शिडीला हात लावा. ओल्या शिडीवरून नेहमी शिडीकडे तोंड करून, एका वेळी एकानेच उतरायचं.

पाणी कमी, मीठ त्याहून कमी

माणशी तीन लिटर पाणी बारीतूनच घेऊन निघा. माथ्याखालची विहीर किंवा वाटेवरचं सरबत यांच्या भरवशावर राहू नका. नुसतं पाणी पीत राहिलं तरी पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामातून मीठही गेलेलं असतं. गोळा आला तर खाली बसा, पाय सरळ करा, चवडा हळूहळू स्वतःकडे ओढून धरा आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्या. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर तो साधा थकवा समजू नका. सावलीत घेऊन अंग ओलं करा, वारा घाला, आणि मदतीसाठी १०८ किंवा ११२ ला फोन लावा.

उतार सोपा समजणं

पावसाळ्यातला चिखल वाळला की वाटेवर मोकळी माती आणि बारीक मुरूम उरतो. या घसाऱ्यावर झिजलेल्या तळव्याचे बूट सरळ सुटतात. गुडघे किंचित वाकवून, पावलं लहान टाकून, संपूर्ण तळवा टेकवत उतरा. गुडघा दुखायलाच लागला तर काठी घ्या आणि सॅक सोबत्याकडे द्या, लाजू नका. आखूड पँट मात्र नकोच. गवत कंबरभर वाढलेलं असतं, कुसळं मोज्यांतून आरपार टोचतात, आणि गवतातल्या दगडांवर फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं. वाट सोडून गवतात शिरायचं नाही, बसण्यापूर्वी दगड पाहून घ्यायचा.

नवरात्रात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. तेव्हा माथ्यावर यात्रा भरते, आसपासच्या गावांची माणसं देवीला येतात आणि शिड्यांवर रांगा लागतात. वाट आधी त्यांची, हे मनात ठेवा आणि वेळेत दोन तास जास्तीचे धरा. शांतपणे डोंगर पाहायचा असेल तर आठवड्याचा मधला वार निवडा.

ऑक्टोबरअखेर सहाच्या आसपासच सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत त्याआधीच अंधारतं. प्रत्येकाकडे स्वतःची, डोक्याला लावायची टॉर्च हवी, मोबाइलची नव्हे, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. परतीला बारीतून घोटीकडे जायचं वाहन सकाळीच ठरवून ठेवा.