देशी फळझाडांची रोपं करताय? या चुका टाळा

मे महिन्यात जांभळं खायची, बिया धुवून उन्हात खडखडीत वाळवायच्या, डब्यात भरून ठेवायच्या आणि शाळा नीट सुरू झाली की जूनच्या शेवटी पोरांकडनं लावून घ्यायच्या, असं बऱ्याच ठिकाणी चालतं, आणि मग एकपण उगवत नाही म्हणून पोरं हिरमुसतात. बी खराब नव्हती, वाळवल्यामुळं मेली. जांभूळ, फणस, कोकम, रायवळ आंबा यांच्या बियांना वाळणं सोसतच नाही, जांभळाची बी दोनेक आठवड्यांत गेलीच म्हणून समजा. गर काढा, धुवा, सावलीत पाणी निथळू द्या आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पिशवीत लावा. सुट्टी आडवी येत असेल तर माती भरलेल्या पिशव्या सुट्टीआधीच पोरांच्या घरी द्या. आणि कृपा करून या बियांचे सीडबॉल, म्हणजे आत बी घातलेले मातीचे गोळे, करून वाळवू नका, लोक उत्साहानं पन्हाळ्याच्या डोंगरावर फेकतात पण आतली बी आधीच गेलेली असते.

आवळ्याचं मात्र उलटं. आतली कडक बी चांगल्या उन्हात ठेवली की तडकते आणि बारक्या बिया बाहेर पडतात, त्या पाण्यात टाका, तरंगतील त्या काढून टाका, बुडतील त्याच लावा. जांभळाच्या एका बीतनं कधीकधी दोन-तीन कोंब येतात, हे पोरांना जरूर दाखवा, लय खूश होतात.

मातीत दोन चुका होतात. नुसती काळी माती भरली की आपल्याकडच्या जुलैच्या पावसात पिशवीत पाणी साचतं आणि कोवळी रोपं मातीलगत पिचून आडवी पडतात, म्हणून तांबडी माती, वाळू, कुजलेलं शेणखत मिसळा आणि पिशवीला भोकं पाडा. कच्चं शेण घालाल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येईल, ऊस लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

दुधाच्या छोट्या पिशवीत फणस वर्षभर ठेवू नका. सोटमूळ तळाला टेकून चकलीसारखं गोल फिरतं आणि तसंच जमिनीत लावलं तर झाड पुढं वाऱ्यात कलंडतं. उंच पिशवी घ्या, लावताना ती फाडून पूर्ण काढा, गोल फिरलेलं मूळ असेल तर तेवढं कापा.

सगळ्या बिया एकाच झाडाच्या नकोत. वेगवेगळ्या गावांतल्या, बांधावरच्या झाडांच्या घ्या, बाजारात करवंदं-जांभळं विकायला बसणाऱ्या मावशींकडनं विकत घ्या, पण राधानगरी अभयारण्यात शिरून गोळा करू नका. पेरू, सीताफळ ही झाडं अमेरिकेकडनं आलेली, बागेत खुशाल लावा पण देशी म्हणून वाटू नका.

कोकमाचं एकच रोप लावून तर अजिबात थांबू नका, बियांपासनं आलेल्या रोपांत नर-मादी झाडं वेगळी निघतात आणि ते कळायला फुलं यायला लागतात, म्हणजे बरीच वर्षं जातात, त्यामुळं पाच-सहा रोपं जवळजवळ लावा.