नुसत्या मिथेनॉलची वेल

निर्गुडीच्या अर्काने स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या प्लेटवर १३ मिमीचा झोन (जंतू न वाढलेला मोकळा गोल) दिला, त्या संध्याकाळी मी कॉलेज रोडवर अख्ख्या लॅबला मिसळ खिलवली. तीन आठवड्यांनी एका सीनियर ताईने प्लेट उलटीपालटी करत विचारलं, "नुसत्या मिथेनॉलची वेल कुठेय गं?"

वेल म्हणजे प्लेटमधल्या आगारात पाडलेला छोटा खड्डा, त्यात अर्क घालतात. नुसत्या मिथेनॉलची, म्हणजे अर्क काढायच्या द्रावकाची, वेल नव्हती. लावली. ११ मिमी. म्हणजे माझा झोन बहुतेक मिथेनॉलचाच होता.

वनस्पतींच्या अर्कावर प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, हे सावकाश वाचा. सॉक्सलेटमधून (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं उपकरण) काढलेला अर्क मी वॉटर बाथवर आटवला होता. तळाशी हिरवट चिकट थर राहिला, वास गेला, म्हणून सुकला असं धरलं. असा चिकट गोळा आतमध्ये मिथेनॉल धरून बसतो. त्यात घाईघाईत मी तो पुन्हा मिथेनॉलमध्येच विरघळवला! लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत सुकवत राहा. मग मोजून पातळ डीएमएसओ या द्रावकात घ्या. आणि अर्क न घातलेलं तेच पातळ डीएमएसओ, म्हणजे ब्लँक, तेवढेच मायक्रोलिटर, त्याच प्लेटवर. शेजारच्या नाही, कालच्याही नाही. प्रत्येक प्लेटवर.

म्युलर-हिंटन आगारची ४ मिमी जाडी, जंतूंच्या द्रावणाचा ०.५ मॅकफरलंड गढूळपणा, ते द्रावण (इनोक्युलम) १५ मिनिटांत वापरणं हे तुम्हाला येतंच. पण झोन मोठा म्हणून वनस्पती भारी, असं लिहू नका. जो घटक आगारमधून पसरतच नाही, त्याचा झोन लहानच दिसणार. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढा. तिथे अर्काचा हिरवा रंग गढूळपणा लपवतो, म्हणून रेझाझुरिन हा रंग वापरा. जिवंत जंतू निळ्याचा गुलाबी करतात. ई. कोलायवर काहीच दिसलं नाही तर रडू नका. ग्रॅम-निगेटिव्हचं बाहेरचं आवरण चिवट असतं, बहुतेकांचं तिथेच अडतं.

काष्ठौषधींच्या दुकानातली तयार पावडर मला चालत नाही. त्यात काय कुटलंय, देव जाणे. ताजी फांदी आणा, हर्बेरियम शीट (दाबून वाळवलेला नमुना) करून ओळख पटवून घ्या. फक्त नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर ओरबाडायला जाऊ नका, ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. निर्गुडी ओढ्याकाठी कुठेही मिळते. आणि गाईड निवडताना पेपर मोजू नका. स्वतः येऊन प्लेट उजेडात धरून बघतो का, ते विचारा. माझ्या गाईडने माझी एकही प्लेट पाहिली नव्हती.

सगळं पुन्हा केलं, सबमिशन दीड महिना लांबलं, पण झालं. तुमचंही होईल. आई आजही गुडघ्याला निर्गुडीचा शेक घेते. माझ्या ब्लँकवर तिचा काडीचा विश्वास नाही.