‘फुसका बार’ कुठे वापरावा आणि कुठे टाळावा

‘फुसका बार’ हा वाक्प्रचार अलीकडे कोणत्याही अपयशाला सरसकट लावला जातो, आणि त्यामुळे त्याची धार बोथट होते. तो नेमका वापरायचा असेल, तर ठासणीची बंदूक आधी डोळ्यांसमोर आणावी.

बार म्हणजे बंदुकीत किंवा तोफेत ठासलेली दारू, आणि ती पेटल्यावर होणारा आवाजही. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतून, वर गोळी सोडून, सारे गजाने घट्ट ठासावे लागते. नळीच्या मागच्या अंगाला ‘कान’ नावाचे बारीक छिद्र असते आणि त्याच्या तोंडाशी ठेवलेली रंजक, म्हणजे पेट देणारी बारीक दारू, पेटली की आग कानातून आत शिरते. कान काजळीने बुजलेला असेल किंवा आतली दारू सर्द झालेली असेल, तर रंजक भपकन जळते, धूर निघतो, पण बार उडत नाही किंवा नुसता फुसफुसतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या या मिश्रणाला ओल फार लवकर बाधते. म्हणूनच अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरची दारू सर्द होऊ देऊ नये आणि दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे बजावले आहे. पावसाळ्यातला सह्याद्री ज्याने पाहिला आहे, त्याला ही काळजी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या चित्रातून वापराच्या दोन अटी निघतात: आधी गाजावाजा करून बार भरलेला असला पाहिजे, आणि आवाजासाठी लोकांनी कान टवकारलेले असले पाहिजेत. पुराव्यांनिशी गौप्यस्फोट करणार, असे आठवडाभर सांगून पत्रकार परिषदेत जुनीच कागदपत्रे दाखवणाऱ्या नेत्याचा बार फुसका निघतो. याउलट, गुपचूप अभ्यास करूनही नापास झालेल्या मुलाला हा शब्द लावणे चूक आहे, आणि माझ्या मते निष्ठुरही. दोन वर्षे उत्तम चालून मग बंद पडलेल्या दुकानालाही तो लागू पडत नाही, कारण तिथे बार उडालेला असतो.

दिवाळीत न वाजलेल्या फटाक्यालाही आपण फुसका बार म्हणतो, तेव्हा मनात फटाका ठेवून हा शब्द लिहिला तरी अर्थ बिघडत नाही.

क्रियापद मात्र जपून निवडावे. ‘लग्नाचा बार उडवून दिला’ यात उडणे म्हणजे कार्य पार पडणे, त्यामुळे ‘फुसका बार उडाला’ हे शब्द एकमेकांशी भांडतात. ‘बार फुसका निघाला’ किंवा ‘फुसका बार ठरला’ असे लिहावे.