किण्वन की नायट्रेट-श्वसन? परीक्षानळीत ओळखण्याची रीत

ऑक्सिजन नसला तरी जिवाणू ग्लुकोज फोडतात. अडते ते निघालेल्या इलेक्ट्रॉनांपाशी: ते कुणी स्वीकारले नाहीत तर एनएडी (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) मोकळे होत नाही आणि ग्लायकोलिसिस (ग्लुकोज फोडण्याची पहिली प्रक्रिया) थांबते. किण्वनात ते पायरुव्हेट (ग्लुकोज फोडून मिळणारा पदार्थ) किंवा त्यापासून बनलेला पदार्थ स्वीकारतो. साध्या लॅक्टिक किण्वनात ग्लुकोजच्या रेणूमागे जेमतेम २ एटीपी (पेशीचे ऊर्जा-रेणू) सुटतात. विनॉक्सी (ऑक्सिजनविना) श्वसनात इलेक्ट्रॉन-वहन साखळी चालूच राहते, फक्त शेवटी ऑक्सिजनऐवजी नायट्रेटसारखे संयुग असते. त्यामुळे ऊर्जाही किण्वनापेक्षा जास्त मिळते.

किण्वनासाठी ह्यू-लीफसन माध्यमाच्या (ग्लुकोज १%; आम्ल तयार झाले की हिरव्याचे पिवळे होणारे) दोन नळ्या पुरतात. त्या आधी उकळून थंड करा म्हणजे विरघळलेली हवा निघून जाईल. सुईने खोलवर जिवाणू टोचा आणि एकीवर निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा सुमारे १ सेंमी थर द्या. थराखालची नळीही हिरव्याची पिवळी झाली तर किण्वन होते. फक्त उघडी पिवळी झाली तर त्या जिवाणूला ग्लुकोज वापरायला हवा लागते.

नायट्रेटची चाचणी जास्त काळजीने करावी लागते. १ लिटर पाण्यात पेप्टोन ५ ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १ ग्रॅम घ्या. साखर घालू नका, नाहीतर ड्यूरहॅम नळीतला (वायू पकडणाऱ्या छोट्या उलट्या नळीतला) वायू किण्वनाचा की नायट्रेटचा हे कळणार नाही. अरुंद नळ्या भरा, प्रत्येकीत ड्यूरहॅम नळी उलटी सोडा आणि ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा). जिवाणू घालून ३७° से. ला २४ ते ४८ तास न हलवता ठेवा. हलवल्यास हवा मिसळते, आणि ऑक्सिजन मिळत असताना बहुतेक जिवाणू नायट्रेटकडे वळत नाहीत. एक नळी जिवाणू न घालता ठेवा.

१ मिली वेगळे काढून त्यात सल्फानिलिक आम्लाचे आणि मग डायमिथिल-नॅफ्थिलअमाइनचे ५-५ थेंब टाका. (जुन्या पद्धतीतले अल्फा-नॅफ्थिलअमाइन टाळा, ते कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.) काही मिनिटांत लाल रंग आला तर नायट्रेटपासून नायट्राइट तयार झाले आहे, म्हणजे चाचणी सकारात्मक.

रंग आला नाही म्हणून चाचणी नकारात्मक ठरवण्याची घाई करू नका. काडीच्या टोकावर मावेल एवढीच जस्ताची पूड टाका. आता लाल झाले तर नायट्रेट तसेच शिल्लक होते, म्हणजे चाचणी खरोखर नकारात्मक. रंग आलाच नाही तर नायट्रेट नायट्राइटच्याही पुढे गेले आहे, म्हणजे चाचणी सकारात्मकच. पूड जास्त पडली तर जस्तच नायट्राइटला अमोनियापर्यंत नेते आणि नकारात्मक नळी सकारात्मक भासते. म्हणून जिवाणू नसलेली नळी आधी तपासा: ती जस्तानंतरच लाल व्हायला हवी.

ई. कोलाय दोन्ही चाचण्यांत सकारात्मक येतो, कारण त्याला दोन्ही वाटा येतात. स्यूडोमोनास एरुजिनोसाची पॅराफिनखालची नळी हिरवीच राहते, तरी नायट्रेट माध्यमात ड्यूरहॅम नळीत नायट्रोजन जमतो: ग्लुकोजचे किण्वन न करताही तो हवेविना वाढतो, पण नायट्रेट संपेपर्यंतच.