बारावीचे भौतिकशास्त्र : पुस्तक मिटून करायचा अभ्यास

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात सोळा प्रकरणे आहेत आणि विषयाचे १०० गुण लेखी ७० व प्रात्यक्षिक ३० असे विभागलेले आहेत. या विषयाची अडचण अशी की वाचताना तो समजल्यासारखा वाटतो. पुस्तकातील प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून सहज आलेली दिसते, परंतु ती ओळ तिथे का आली हे पुस्तक मिटल्यावरच कळते किंवा कळत नाही. म्हणून अभ्यासाचा निम्म्याहून अधिक वेळ कोऱ्या कागदासमोर जावा.

डेरिव्हेशन, म्हणजे सूत्राची पायरीपायरीने केलेली मांडणी, पाठ करण्याची सवय आधी सोडावी. उदाहरणासाठी पहिल्याच प्रकरणातील, बाहेरची कड उचललेला वळणरस्ता घेऊ. घर्षण नाही असे मानून प्रथम आकृती काढावी आणि गाडीवरील बले दाखवावीत : खाली वजन, रस्त्याला लंब अशी प्रतिक्रिया. अकरावीत उतरणीवरील ठोकळ्याचे गणित करताना वजनाचे घटक उतरणीच्या दिशेने पाडण्याची सवय लागलेली असते, आणि अनेक विद्यार्थी इथेही तेच करून लंब प्रतिक्रिया म्हणजे वजन गुणिले कॉस थीटा (थीटा हा रस्त्याचा क्षितिजाशी असलेला कोन) असे लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. ठोकळ्याला उतरणीशी लंब दिशेने त्वरण नसते. वळणावरच्या गाडीचे त्वरण मात्र वर्तुळाच्या केंद्राकडे, म्हणजे क्षितिजसमांतर असते, त्यामुळे त्याचा काही भाग रस्त्याशी लंब दिशेतही येतो. म्हणून इथे प्रतिक्रियेचे उभे आणि आडवे घटक पाडावेत : उभा घटक वजनाला तोलतो, आडवा घटक अभिकेंद्री बल पुरवतो. प्रतिक्रिया येते ती वजन भागिले कॉस थीटा, म्हणजे वजनाहून जास्त. एका समीकरणाला दुसऱ्याने भागले की वस्तुमान निघून जाते आणि वेगाचा वर्ग त्रिज्या, गुरुत्व त्वरण व टॅन थीटा यांच्या गुणाकाराइतका येतो. एवढ्यावर न थांबता कोन शून्य केल्यास काय होते ते पाहावे : वेगही शून्य येतो, कारण घर्षणाशिवाय सपाट रस्त्यावर वळताच येणार नाही. उत्तराची अशी टोकाच्या स्थितीत परीक्षा घेतल्याखेरीज डेरिव्हेशन पूर्ण झाले असे मानू नये.

आता आकडे घालावेत. त्रिज्या ५० मीटर आणि कोन २० अंश असेल, तर ५० × ९.८ × ०.३६४० म्हणजे सुमारे १७८.४ येतात, वर्गमूळ १३.३६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे ४८ किलोमीटर. घाटातल्या वळणासाठी हा आकडा पटण्याजोगा आहे. तो ४८० आला असता तर चूक आकडेमोडीत शोधावी लागली असती.

मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते, आणि ते जानेवारीत शिकायला घेणाऱ्याचे हाल होतात. विशेषतः एकाहून लहान संख्येच्या वर्गमुळात चूक होते. ०.५ चा लॉग ‘बार एक’ (एकावर आडवी रेघ, म्हणजे वजा एक) दशांश ६९९० असतो; दशांशाचा भाग धनच राहतो. त्याचा अर्धा करताना बार एकाचे बार दोन अधिक एक असे रूप करावे, म्हणजे बार एक दशांश ८४९५ मिळते आणि उत्तर ०.७०७१ येते. घरचे प्रत्येक न्युमरिकल पहिल्या महिन्यापासून याच पद्धतीने सोडवावे.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजी पुस्तकाची धास्ती असते. मला ती अनाठायी वाटते. संकल्पना आधी मराठीत मोठ्याने समजावून सांगावी, मात्र शब्दांची शिस्त पाळावी : बोलण्यात बल, शक्ती आणि जोर एकच असतात, परंतु भौतिकशास्त्रात बल म्हणजे फोर्स, शक्ती म्हणजे पॉवर आणि ऊर्जा ही या दोहोंहून वेगळी. व्याख्या लिहिण्याचा सराव मात्र ज्या भाषेत पेपर द्यायचा तिच्यातच करावा.

प्रकरणांचा क्रम जुळवून घेतल्यास श्रम वाचतात. दोलनांचे प्रकरण पक्के झाल्यावर तरंग घ्यावेत, आणि एसी सर्किटमधील कॉइल व कपॅसिटरचे दोलन करताना पुन्हा दोलनांच्या प्रकरणातील स्प्रिंगकडे वळावे. वस्तुमानाच्या जागी कॉइलचा इंडक्टन्स आणि विस्थापनाच्या जागी विद्युतप्रभार ठेवला की समीकरण तेच राहते.

प्रात्यक्षिकाचे जर्नल दुसऱ्याचे पाहून भरणे हा जुना रिवाज आहे, पण तोंडी परीक्षेत तो लगेच उघडा पडतो. मीटर ब्रिजवर, म्हणजे एक मीटर तारेच्या साहाय्याने रोध मोजण्याच्या उपकरणावर, संतुलनबिंदू तारेच्या मधल्या भागात का आणतात आणि दोन रोधांची अदलाबदल करून पुन्हा वाचन का घेतात, हे स्वतः तार जोडून पाहिलेल्याला सांगता येते.

शेवटच्या दोन महिन्यांत तीन तासांचे पूर्ण पेपर सोडवावेत. दोन आणि तीन गुणांच्या विभागांत प्रत्येकी बारांपैकी आठ प्रश्न निवडायचे असतात, त्यामुळे निवडीचाही सराव लागतो. बहुपर्यायी प्रश्नात पहिलेच उत्तर तपासले जाते, तेव्हा खाडाखोड करून दुसरे लिहिण्यात अर्थ नाही. सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देणाऱ्यांनी अकरावीचे पुस्तक रद्दीत देऊ नये. तिथे सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा असतो, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही.