फिट्सच्या तपासणीसाठी कोकणातून मुंबईला निघण्यापूर्वी

अपस्माराच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला फिट किंवा आकडी म्हणतात त्या आजाराच्या, तज्ज्ञ उपचारांसाठी राजापूर-देवगडहून मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाने आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण रुग्ण दाखल झाल्यावर, तेही यादीतल्या उपचारांना मिळते. फिट्सचे बहुतेक उपचार मात्र ओपीडीतच वर्षानुवर्षे चालतात. धोरणातली ही उणीव मला फार खटकते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले, पण वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालये त्यात येत नाहीत. म्हणून जिल्हा रुग्णालयात होऊ शकेल ती तपासणी तिथेच उरकावी आणि तिथल्या डॉक्टरांकडून संदर्भचिठ्ठी घ्यावी. रेशनकार्ड व आधारवरचे नाव जुळते की नाही, तेही घरीच पाहावे.

कागदांइतकीच महत्त्वाची असते ती माहिती. फिट आली तेव्हा समोर असलेली व्यक्ती सोबत न्यावी. मान कुठल्या बाजूला वळली, आधी कुठला हात आखडला, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, हे तीच सांगू शकते, आणि मोबाइलवर चित्रण असेल तर फारच उत्तम. गोळ्यांची रिकामी पाकिटे टाकू नयेत. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट्स थांबत नसतील, तर शस्त्रक्रियेसाठी तपासणी करावी का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि तो उपचार योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, दाखल होण्यापूर्वीच जाणून घ्यावे.

ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विद्युत लहरींची होणारी तपासणी, असेल तर आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवावेत; आपल्याकडे बाहेर पडताना डोक्याला खोबरेल चोपडायची सवय असते, त्या तेलकट केसांवर तारा नीट चिकटत नाहीत. जागरणाने फिट येऊ शकते, म्हणून रात्रीच्या एसटीत बसून जाण्यापेक्षा एक दिवस आधी नातेवाइकांकडे पोहोचावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सकाळची गोळी मुळीच चुकवू नये. वाटेत पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८ला फोन करावा.

परत निघण्यापूर्वी गावच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागावी आणि लिहून दिलेली औषधे जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळतात का, ते फोनवरून विचारावे. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता अडतो, तेव्हा पंधरा दिवस पुरतील इतक्या गोळ्या घरात असायलाच हव्यात.