कॉफीचा दरवळ टिकवायचा असेल तर
कॉफी शिळी होते ती मुख्यतः हवेमुळे. भाजलेल्या बियांतली सुगंधी द्रव्यं उडून जातात, तेलं खवट होतात. ओल, ऊन आणि उष्णता त्यात भर घालतात. पूड केली की हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून दळलेली कॉफी फार लवकर उतरते. जमत असेल तर बियाच आणा आणि लागतील तेवढ्याच ऐनवेळी दळा. एवढ्या एका बदलानं चवीत पडणारा फरक महागडं यंत्र घेऊनही पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

डबा घट्ट झाकणाचा, अपारदर्शक हवा आणि कॉफीच्या मानानं फार मोठा नको. रिकामी जागा म्हणजे आत कोंडलेली हवाच. तो शेगडीपासून लांब, बंद कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको. डबा आत-बाहेर करताना ओल धरते, शिवाय कॉफी फ्रिजमधले सगळे वास ओढून घेते. जास्तच आणली असेल तर छोट्या हवाबंद पाकिटांत भरून फ्रीझरमध्ये टाका, आणि पाकीट बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

इन्स्टंट कॉफीला एकच पथ्य: चमचा खडखडीत कोरडा. ओला गेला की पुडीचे गोळे झालेच.